पान दोनशे चौदा

बाबुरावचा डावा पाय कधी गप्प बसत नसे. वाचनालयात माझ्या मेजासमोरच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, तो बसला की पाय आपोआप दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. सव्वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. डिचोलीतली खाण बंद झाली, ट्रक भंगारात गेला, त्यालाही बारा-तेरा वर्षं होऊन गेली, पण पायातला क्लच काही सुटला नाही. मी कधीकधी ओरडायची, ‘‘बाबुराव, गाडी बंद करा आता, वाचणाऱ्यांना त्रास होतो.’’ तो खजील हसायचा, पाय दोन मिनिटं आवरायचा आणि मग पुन्हा गाडी चालू.

मी प्रभावती. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळेत मुलं उरली नाहीत तेव्हा निवृत्त झाले आणि गावचं वाचनालय ताब्यात घेतलं. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर आमचा गाव. दोन खोल्या, चार कपाटं, अडीच हजार पुस्तकं. माझा एक नियम आहे आणि त्याचा मला फार अभिमान होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी चार कोरी पानं खळीने चिकटवते. पुस्तक परत आणणाऱ्याने त्यावर अभिप्राय लिहायचा. लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळणार नाही. आमदार आला तरी मिळणार नाही.

या नियमाचं फळ मला जे हवं होतं ते आलं नाही, वेगळंच आलं. गाव पुस्तकं मागून वाचू लागला. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची पानं. कोण काय म्हणालं, कोणी कोणाला टोमणा मारला, ते वाचून झालं की निम्म्यांना पुस्तकात रस उरायचा नाही. तिथलंच काहीतरी उचलून आपला अभिप्राय ठोकून द्यायचे. मला ते कळत होतं. मी कानाडोळा करत होते, कारण वर्षाच्या अहवालात अभिप्रायांची संख्या लिहायला बरी वाटायची.

बाबुराव तर पुस्तक नेतच नसे. सहावी शिकलेला, त्यात मोतीबिंदू. त्याची सून सायली कादंबऱ्या न्यायची, तिच्याबरोबर तो एकदा आला आणि मागची पानं बघून हरखला. ‘‘बाई, ह्यां बरां असा. पुस्तक रवांदे, लोक काय म्हणतत तां वाचूया.’’ तेव्हापासून आठवड्यातून तीनदा यायचा. हाताने लिहिलेली मोठी अक्षरं त्याला दिसायची. गावातल्या माणसांचे अभिप्राय तो पेपर वाचावा तसा वाचायचा. वाचून कोणाशी तरी बोलावं असं त्याला फार वाटायचं, पण बोलायला कोणी नसायचं. बायको गेलेली. मुलगा ओंकार मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो, तो घरी असला तर झोपलेला.

आणि एक गोष्ट मी लपवणार नाही. बाबुराव मूळचा दोडामार्गाकडचा, म्हणजे हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातला. इथे येऊन चाळीस वर्षं झाली. इथलीच बायको केली, इथेच घर बांधलं, इथेच मतदान करतो. तरी गाव त्याला म्हणतो ‘पलीकडचो’. देवळातल्या उत्सवात वर्गणी आधी त्याच्याकडे मागतात आणि मानाच्या वेळी त्याला खांबामागे उभा करतात. मीही कधी त्याला पुढे बोलावलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जाडजूड पुस्तक देणगीत आलं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टोळ्यांचा इतिहास. सोनं, घड्याळं, रेडिओ कुठून उतरायचे, कोण उतरवायचं, कोणाचे हात ओले व्हायचे, साडेचारशे पानं नुसतं हेच. एरवी आमच्याकडे इतिहास म्हटला की पुस्तकावर धूळ बसते. पण हे पुस्तक फिरायला लागलं. दोन महिन्यांत चार कोरी पानं भरत आली.

हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या गौरेशने लिहिलं, ‘पुस्तक बरे आहे. जुन्या मेलेल्यांची नावे लेखक धीटपणे घेतो. जिवंत माणसांपाशी आला की त्याची शाई सुकते.’ विमानतळावर नोकरी करणाऱ्या सेजलने लिहिलं, ‘गुंडांच्या गाड्या, गुंडांचे बूट, सगळे वर्णन आहे. त्यांच्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही. त्या काय स्वयंपाकघरात चिकटवलेल्या होत्या?’ कोणीतरी सही न करता लिहिलं, ‘छपाई बारीक. मला चष्मा बदलावा लागला.’ आणि मग शिवदास सरांचा अभिप्राय. शिवदास सर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. ते लिहायला लागले की अर्धं पान त्यांचंच. त्यांनी लिहिलं होतं, ‘या साऱ्या पापी इतिहासात पान २१३ वर एक विलक्षण माणूस भेटतो. सन १९८१. कस्टमची जीप मागे लागली असता खनिजाच्या मातीखाली पेट्या दडवून मोपाच्या पठारावरून ट्रक बेगुमानपणे पलीकडे नेणारा निनावी चालक! त्याचे कृत्य गुन्हाच; पण छाती पाहा. हा आपल्या पेडण्याचा चालक कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही.’

त्या बुधवारी बाबुरावने हे वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. ‘आपल्या पेडण्याचा’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, अक्षर लागत नसेल.

‘‘बाई, पेन दी बघया,’’ तो म्हणाला.

मी पेन दिलं. त्याने सावकाश, पाटीवर गिरवावं तसं लिहिलं, ‘पान २१३ वरचा चालक मीच. बाबुराव.’

मी वाचलं आणि चष्मा काढला. ‘‘खरं?’’

‘‘पुस्तकात छापलेला असा, बाई. मी कित्याक खोटा बोलू?’’

झालं. गाव पुस्तकं मागून वाचतो हे मी सांगितलंच आहे. चार दिवसांत अख्ख्या गावाला कळलं. पदेर सकाळी पाव घालताना त्याच्याशी दोन शब्द बोलू लागला. ओंकारला टॅक्सीवाले चिडवायला लागले, ‘तुझो बापूस असो गाडी मारतालो आनी तू एसी लावन बसता.’ बाबुरावही खुलला. आधी म्हणायचा, ‘जावंदे, जुनी गोष्ट.’ मग एक वळण सांगू लागला, मग दोन. मग जीपही एकाच्या दोन झाल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला आणि खाली शिडी धरून मी उभी होते. वाचनालयाच्या वर्धापनदिनी ‘पुस्तकातला माणूस आपल्या गावात’ असा कार्यक्रम ठेवायचा, ही कल्पना माझी. शाल मी स्वतः म्हापशाहून आणली.

रविवारी दुपारी चारला कार्यक्रम. साठेक माणसं आली. आमच्याकडे साठ म्हणजे पुष्कळ. शिवदास सरांनी आधी गुन्हेगारीचा निषेध केला आणि मग गुन्हेगाराला शाल घातली. बाबुराव बोलायला उभा राहिला. पांढरा सदरा, केसांना तेल, आणि आवाज असा लागला की मी चकितच झाले. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस, त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवत होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्याला येत होतं. जीपचे दिवे मागे दिसतात तिथे तर त्याने मान वळवून असं पाहिलं की दोन-तीन माणसांनी खरंच मागे बघितलं. टाळ्या झाल्या. बाबुरावच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत गावाने त्याच्यासाठी टाळी वाजवली नव्हती.

मग मधल्या रांगेतून लक्ष्मी उभी राहिली.

लक्ष्मी तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. वय पन्नास. वाचनालयाची सगळ्यात हळू वाचणारी वाचक. बाबुरावच्या ओळीनंतर टोळ्यांचं पुस्तक तिनेच नेलं होतं, दोन महिने ठेवलं होतं, चार वेळा मुदत वाढवून घेतली होती. मी तिला त्यावरून बोललेही होते. त्या दिवशी ते पुस्तक तिच्या हातात होतं, एका पानात बसचं तिकीट घातलेलं.

‘‘काका, एक विचारूंक जाय,’’ ती म्हणाली. ‘‘आदीं हें वाचतां.’’

आणि तिने शाळेतल्या मुलीसारखं, शब्द शब्द सुटा करून पान दोनशे चौदा वाचलं. ‘पठारावरील वळणावर मालावर बसलेल्या हमालांपैकी एक खाली पडला. इतरांनी केबिनच्या टपावर थापा मारल्या. चालकाने गाडी थांबवली नाही. सकाळी गुराख्यांना प्रेत सापडले. हमालाचे नाव कागदपत्रांत नाही.’

चार ओळी. पान उलटल्यावर लगेच. शिवदास सरांनी त्या वाचल्या होत्या, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण मेलेला हमाल त्यांच्या अभिप्रायात बसला नव्हता. आणि बाबुरावने तर पुस्तक उघडलंच नव्हतं. त्याने फक्त अभिप्राय वाचला होता.

‘‘तो माजो बापूय,’’ लक्ष्मी म्हणाली. ‘‘सोमा. मी सा वर्सांचें आसलें. गाव म्हणालो, सोरो पिवन पडलो. आवय मरसर तेंच आयकत रावली. काका, तुमी थंय आसल्यात. तुमीच सांगा. तो पिलेलो?’’

बाबुरावचा डावा पाय थांबला. मी मंचावर त्याच्या शेजारी होते, मला दिसत होतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखा झाला.

‘‘माका म्हायत नाय,’’ तो म्हणाला.

‘‘थंय आसल्यात मगे म्हायत कशें ना?’’

‘‘मी नाय होतंय थय.’’ त्याचा तो मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. ‘‘बाय, तो मी न्हय. मी खोटा लिवलंय. पुस्तक मी वाचूक नाय.’’

सभेत कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘फिरलो बघ.’’ शिवदास सर दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘बाबुराव, आता शब्द फिरवू नका, शोभत नाही.’’ बाबुरावने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, मी शालीकडे पाहत होते. तो मंचावरून उतरला आणि माणसांमधून वाट काढत दाराकडे निघाला.

लक्ष्मी त्याच्या पाठीकडे बघत एवढंच म्हणाली, ‘‘तेन्नाय थांबलो ना, आताय थांबना.’’

गाव गमतीदार असतो. बाबुराव खोटं बोलला तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. खरं बोलला तर एकानेही विश्वास ठेवला नाही. पेट्या नेणारा शूर चालक चार दिवसांत माणूस मारून पळालेला चालक झाला. पदेर त्याच्या दारात आपला भोंगा, पोंप, न वाजवताच पुढे जाऊ लागला. ओंकारने बापाशी बोलणं सोडलं. सायली मला रस्त्यात भेटली तर म्हणाली, ‘‘बाई, मामंजी जेवत नाहीत. घरात येरझाऱ्या घालतात. स्कूटर काढतात, फाटकापर्यंत जातात, परत आणून लावतात.’’

त्याला लक्ष्मी कारण होती. तिची कारखान्याची बस देवळाकडच्या वडाखाली थांबते. ती तिथे उभं राहणं तिने सोडलं. रोज सकाळी साडेसातला ती बाबुरावच्या फाटकासमोर उभी राहायची, डबा हातात धरून. बोलायची नाही, शिवी द्यायची नाही. बस येईपर्यंत जनेलकडे, त्याच्या खिडकीकडे, बघत राहायची. बसवाल्यालाही कळलं असावं, तो तिथे थांबायला लागला. बाबुराव आत जनेलच्या मागे उभा असायचा. जनेल लावून घेतलं तरी त्याला ती दिसायचीच, असं तो मला नंतर म्हणाला.

आणि मग तो पुरावा शोधत सुटला. आपण कोणी नव्हतो, याचा पुरावा. डिचोलीला खाणीच्या जुन्या कार्यालयात गेला, तिथे कुलूप आणि कुलपावर गंज. परवाना उकरून काढला. अवजड वाहनाचा परवाना १९८६ चा. तो घेऊन तो आधी शिवदास सरांकडे गेला. ते म्हणाले, ‘‘त्या काळात परवान्याशिवाय कोण गाडी चालवत नव्हतं?’’ खरंच होतं ते. दोडामार्गाला जाऊन आला. परवाना मिळण्याआधी ज्या मुकादमाच्या हाताखाली तो क्लीनर होता, तो मुकादम चार वर्षांपूर्वी वारलेला. दिवसाला दोन-दोन फेऱ्या, ऊन असो की वारा. एकदा मला नाक्यावर दिसला, स्कूटर चालू ठेवून नुसताच उभा होता, कुठे वळायचं ते ठरत नव्हतं. मी त्याला हाक मारायला हवी होती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून गेले.

कारण त्या दिवसांत मलाही झोप नव्हती. खाई त्याला खवखवे. सगळा गाव बाबुरावला विचारत होता, ‘पुढचं पान न वाचता लिहिलंस कसं?’ आणि मला कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. टोळ्यांचं पुस्तक मीही वाचलं नव्हतं. कोरी पानं चिकटवली, अभिप्राय वाचले, आणि त्या जोरावर शाल आणली. पान दोनशे चौदा आधी वाचलं असतं तर कार्यक्रम झालाच नसता. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, धडा न वाचता उत्तर लिहू नका.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी बाबुराव वाचनालयात आला. दाढी वाढलेली. बसला नाही. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला.

नऊवारी नेसलेली एक राणी. डोक्यावर मुकुट, नाकात नथ, हात असा वर उचललेला की बोटांच्या टोकापर्यंत तोरा. डोळे मोठे आणि पाणीदार. मी कितीतरी वेळ बघत होते. मग ते डोळे ओळखले.

‘‘दशावतार?’’

‘‘सा वर्सां होतंय कंपनीत. स्त्रीपार्टी.’’ तो जमिनीकडे बघून बोलत होता. ‘‘मागे बघा.’’

फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलं होतं. गावच्या जत्रेचं नाव, कार्तिक वद्य एकादशी, सन १९८१, आणि ‘बाबू, राणीच्या वेषात’.

‘‘लक्ष्मीच्या बापाशीचा वर्सश्राद्ध कार्तिक वद्य एकादशीक असता,’’ तो म्हणाला. ‘‘सायलेन इचारून घेतल्यान. बाई, त्या राती मी बाराक रंगमंचावर गेलंय तो उजाडल्यार उतारलंय. जत्रा तिथीवर असता, ती हलाची नाय.’’

‘‘मग हा फोटो पहिल्याच दिवशी का नाही आणलात?’’

त्याने फोटो पुन्हा पिशवीत गुंडाळला. मग एकेक शब्द आला. खाणीवर लागला तेव्हा एका ड्रायव्हरने त्याला ओळखलं. सगळ्यांसमोर ‘राणी’ म्हणून हाक मारली, पदर ओढल्याची नक्कल केली. बाबुरावने त्याला मारलं, नोकरी जाता जाता राहिली. त्या दिवसापासून त्याने सहा वर्षं पुसून टाकली. बायकोला सांगितलं नाही, मुलाला माहीत नाही. अठराव्या वर्षापासून ट्रकवर आहे, असंच सांगत आला. फोटो ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली होता.

मला राग आला. त्याचा, माझा, सगळ्यांचाच. ‘‘अरे मेल्या,’’ मी म्हणाले, ‘‘याच्यासाठी मी तुला दोन शाली घातल्या असत्या. तुला ट्रकचा चोर व्हायची गरज काय होती?’’

‘‘सरांनी लिवलेला होता ‘आपल्या पेडण्याचा’,’’ तो म्हणाला. ‘‘माका कोणी आपलो म्हणूक नाय, बाई. म्हटलंय, एकदा जावंया.’’

मीही ते पुस्तक वाचलं नव्हतं, हे मी त्याला सांगून टाकलं. तो थोडा हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी मी त्याच्या फाटकाशी गेले. त्याने बोलावलं होतं, साक्षीला. साडेसातला लक्ष्मी आली, नेहमीच्या जागी उभी राहिली. बाबुराव दार उघडून बाहेर आला. पायऱ्या उतरून तो फाटकाशी आला. फोटो त्याने तिच्या हातात दिला आणि उलटा करून तिथी दाखवली.

तिने तिथी वाचली. ओठ हलले. मग फोटो सुलटा केला. राणीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल. हसली असती तर बाबुराव तिथेच कोसळला असता. पण लक्ष्मी हसली नाही. तिने डबा कठड्यावर ठेवला आणि फोटो दोन्ही हातांनी धरला.

‘‘म्हळ्यार तुमी थंय नासल्यात,’’ ती म्हणाली.

‘‘नाय, बाय.’’

‘‘तीन आठवडे माका एक मनीस मेळिल्लो, राग करपाक. आतां परत कोण ना.’’

बाबुरावने हात जोडले. ‘‘माका माफ कर. मी खोटा बोललंय.’’

लक्ष्मीने मान हलवली. रागाने नाही, थकून. ‘‘काका, त्या दिसा मी तुमकां इतलेंच विचारलेलें, तो पिलेलो काय. ना म्हणपाक जाय आसलें तुमी.’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘स्वताखातीर एक फट मारल्यात, खोटें सांगल्यात. माज्या बापायखातीर एक मारूंक जाली ना?’’

बस आली. तिने फोटो परत दिला, डबा उचलला आणि गेली. बाबुराव फाटकात उभा होता. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. एवढं तरी मी केलं.

त्यानंतरच्या शनिवारी दोघंही वाचनालयात आले. वेगवेगळे आले, पण एकाच वेळी. लक्ष्मीने टोळ्यांचं पुस्तक मागितलं आणि पेन मागितलं. आजवर कुठल्याच पुस्तकावर तिचा अभिप्राय नव्हता. दर वेळी ‘बाई, माका लिवपाक जायना’ म्हणून सुटायची आणि मी तिच्यापुरता नियम सोडायची. चौथ्या कोऱ्या पानावर तळाला तीन बोटं जागा उरली होती. तिने खाली बसून, जीभ दातांत धरून, मराठीत लिहिलं, ‘पान २१४ वरचा हमाल माझे वडील. नाव सोमा. वय एकतीस. ते प्यालेले नव्हते. लक्ष्मी.’

पुस्तक तिने माझ्याकडे सरकवलं. मी आयुष्यभर लाल पेन हातात धरून बसलेली बाई. ‘याला आधार काय?’ हा माझा लाडका शेरा. लक्ष्मी माझ्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक होतं की तिला ठाऊक नाही. मी लाल पेनाला हात लावला नाही.

बाबुरावने तेच पुस्तक तिच्याकडून मागून घेतलं. आधी आपली ओळ खोडली, अगदी कागद फाटेल इतकी. मग लक्ष्मीच्या चार ओळी वाचल्या. बोट ‘नव्हते’वर बराच वेळ होतं. मग त्याने तिच्या सहीखाली, उरलेल्या एवढ्याशा जागेत, लहान अक्षरांत लिहिलं, ‘हे खरे आहे. बाबुराव.’

लक्ष्मीने ते वाचलं. पदराने डोळे पुसले आणि त्याच्या शेजारच्या कदेलवर बसली. दोघं बसून होती. त्याचा पाय चालू झाला होता, आणि मी ओरडले नाही.

पुस्तक अजून फिरतंय. कालच सेजलची मैत्रीण घेऊन गेली, विमानतळावरचीच एक पोर. तिला मी सगळ्यांना सांगते तसं सांगितलं, आधी पुस्तक वाच, मग मागची पानं. तिने मान डोलावली आणि दारातच पुस्तक शेवटून उघडलं. आमच्या गावात सगळे तसंच उघडतात. शेवटच्या पानावर तळाशी सोमाचं नाव आहे, आता सगळ्यांना आधी तोच भेटतो.